मध्यस्थ गेला, मालक राहिला

(धम्म-अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. बौद्धांच्या अभ्यासवर्गात सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारकांचे काय काम, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु या विषयाकडे आपले लक्ष वेधले आहे ते खुद्द बाबासाहेबांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी १९३६ साली जे भाषण लिहिले, आणि जे होऊ न शकल्यामुळे त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी एक सिद्धान्त मांडला आहे. राजकीय क्रांतीच्या अगोदर धार्मिक आणि सामाजिक क्रांती व्हावी लागते, हा तो सिद्धान्त होय. त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जे दाखले दिले, त्यांत ल्यूथरने सुरू केलेली धर्मसुधारणा ही युरोपच्या राजकीय मुक्तीची पूर्वसूचना होती, असे म्हटले आहे.

या एका दाखल्याचाच विचार मी आज करणार आहे. ल्यूथरने काय केले, ते कोठवर पोहोचले आणि कोठे थांबले, हे आपण पाहू. ज्याने स्वतः धर्मांतर केले आहे, त्याने दुसऱ्यांच्या धर्मक्रांतीचा हिशेब नीट तपासला पाहिजे. त्यातील जमा आपल्या उपयोगाची असते. परंतु त्यातील खर्च आपणांस अधिक शिकवून जातो.

पापमुक्तीचा बाजार

मार्टिन ल्यूथर हा १४८३ साली जर्मनीतील आइसलेबन गावी जन्मला. तो संन्यासी झाला आणि पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा अध्यापक झाला. त्या काळी पश्चिम युरोपात ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्य पुरोहिताच्या हाती असे. जन्मल्यावर बाप्तिस्मा त्यानेच द्यावयाचा, पापाची कबुली त्याच्याच कानात सांगावयाची, आणि मरताना अखेरचा विधीही त्यानेच करावयाचा. धर्मग्रंथ लॅटिन भाषेत. ती भाषा नांगर धरणाऱ्याला कळत नसे. ईश्वर आणि माणूस यांच्यामध्ये एक दरवाजा होता आणि त्याची किल्ली पुरोहितवर्गाच्या कमरेला होती.

जेथे किल्ली एकाच्या हाती असते, तेथे दार उघडण्याचा दर ठरतोच. मृतात्म्याला स्वर्गात जाण्यापूर्वी काही काळ शिक्षा भोगावी लागते आणि ती शिक्षा पोपच्या पत्राने कमी होते, असे लोकांना सांगितले जाई. ही पापमुक्तीची पत्रे पैशाने मिळत. १५१७ साली योहान टेट्झेल नावाचा संन्यासी ती विकीत विटेनबर्गच्या आसपासच्या प्रदेशात आला. जमलेल्या पैशातून रोमचे सेंट पीटर हे मंदिर उभे राहावयाचे होते, असे लोकांना सांगण्यात आले होते. परंतु त्यातील निम्मा पैसा दुसरीकडेच जात होता. माइन्झच्या आर्चबिशपने आपले पद मिळविण्यासाठी फुगर या सावकारी पेढीचे कर्ज काढले होते. ते कर्ज त्या पैशातून फिटत होते. मेलेल्या आईबापांच्या नावाने जिवंत मुलांकडून पैसा काढण्याचा हा धंदा आपणांस अपरिचित नाही. पिंड आणि दक्षिणा यांचा हिशेब आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या चुकता केला आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने या व्यवहाराविरुद्ध ९५ मुद्दे लिहून ते आर्चबिशपकडे पाठविले. छापखान्यांनी ते थोड्याच दिवसांत जर्मनीभर पोहोचविले. वाद वाढत गेला. १० डिसेंबर १५२० रोजी पोपचे बहिष्काराची धमकी देणारे आज्ञापत्र त्याने विटेनबर्ग येथे जाहीरपणे जाळले, आणि त्याबरोबर चर्चच्या कायद्याचे ग्रंथही अग्नीत टाकले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन करणाऱ्यांच्या वारसांना या कृत्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मध्यस्थ गेला

ल्यूथरचा खरा सिद्धान्त काय होता? तो दोन अंगांनी समजून घेतला पाहिजे.

पहिले अंग श्रद्धेचे. माणूस आपल्या पुण्यकर्मांच्या जोरावर, दानाने, यात्रेने किंवा विधीने ईश्वरापुढे निर्दोष ठरत नाही. तो केवळ श्रद्धेने आणि ईश्वराच्या कृपेने निर्दोष ठरतो, असे त्याने सांगितले. दुसरे अंग पौरोहित्याचे. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात त्याने म्हटले की पुरोहित आणि सामान्य जन अशा दोन जाती ख्रिस्ती धर्मात नाहीत. ज्याचा बाप्तिस्मा झाला तो प्रत्येक जण पुरोहितच आहे. चांभार, लोहार, शेतकरी यांची कामे वेगवेगळी असली तरी पावित्र्यात ते बिशपच्या रेसभरही खाली नाहीत. धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा मक्ता एकट्या पोपचा, ही भिंतही त्याने त्याच पुस्तकात पाडली.

चांभाराचे नाव त्या यादीत आहे, हे आपण लक्षात ठेवावे. ज्या देशात चांभाराची सावली विटाळ मानली गेली, त्या देशातील माणसाला हे वाक्य किती मोठे आहे हे कोणी सांगावयास नको.

ल्यूथर नुसते बोलून थांबला नाही. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर त्याला आपली मते मागे घेण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला. साम्राज्याने त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकले. वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असता त्याने बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून जर्मन भाषेत आणला. तो १५२२ च्या सप्टेंबरात छापून निघाला. संपूर्ण बायबल १५३४ साली निघाले. १५२४ साली त्याने नगरपालांना पत्र लिहून मुलांसाठी आणि मुलींसाठीही शाळा काढण्याची मागणी केली. इंग्लंडात विल्यम टिंडल याने हेच भाषांतराचे काम केले. त्याला १५३६ साली ब्रुसेल्सजवळ गळा आवळून मारले आणि त्याचे शव जाळले. ग्रंथ लोकांच्या भाषेत आणणे हा त्या काळी प्राणांतिक शिक्षेचा अपराध होता.

या जमेचा काही अंश आपल्या दारापर्यंत आला आहे. जोतीराव फुले पुण्यात ज्या शाळेत इंग्रजी शिकले ती स्कॉटिश मिशनची होती, आणि स्कॉटलंडचे ते चर्च प्रॉटेस्टंट सुधारकांच्याच परंपरेतले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी आपला विचार आपणच घडविला. तथापि निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटाची दलाली नको, हे जे तत्त्व त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाच्या पायाशी घातले, त्याचे आणि ल्यूथरच्या तत्त्वाचे नाते कोणालाही दिसेल.

शेतकऱ्यांची बारा कलमे

आता खर्चाच्या बाजूकडे वळू.

चांभार आणि शेतकरी पुरोहिताच्या बरोबरीचे आहेत, हे शब्द जर्मन शेतकऱ्यांनी ऐकले आणि खरे मानले. हे शेतकरी बहुसंख्येने भूदास होते. त्यांना जमीनदाराच्या परवानगीवाचून लग्न करता येत नसे, गाव सोडून जाता येत नसे. त्यांच्याकडून वेठ घेतली जाई. कुटुंबाचा कर्ता मेला की घरातील उत्तम जनावर किंवा उत्तम वस्त्र धनी उचलून नेई. विधवेच्या रडण्यापेक्षा धन्याचा हक्क मोठा ठरे. रानातील लाकूड आणि ओढ्यातील मासा यांवरही धन्याचीच मालकी होती.

१५२५ च्या मार्च महिन्यात दक्षिण जर्मनीतील मेमिंगन या नगरात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे मांडली. ती लिहिणारा सेबास्टियन लोत्झर हा केसाळ कातड्यांची वस्त्रे शिवणारा कारागीर होता. पहिले कलम असे की आपला धर्मोपदेशक निवडण्याचा आणि तो अयोग्य निघाल्यास काढण्याचा हक्क गावाला असावा. तिसरे कलम असे की ख्रिस्ताने मेंढपाळापासून सर्वांत थोर पुरुषापर्यंत सर्वांनाच मुक्त केले आहे. सबब आम्ही कोणाचे भूदास नाही. पुढील कलमांत ओढ्याचा मासा, रानाचे लाकूड, वाढवलेली वेठ, अवाजवी खंड, बळकावलेली गायराने आणि तो मृत्युकर यांचा विचार होता. बारावे कलम तर सर्वांत विलक्षण. आमची एखादी मागणी धर्मग्रंथाच्या विरुद्ध आहे असे कोणी दाखवून दिले तर ती आम्ही मागे घेऊ, असे त्यात म्हटले होते.

विचार करा. ही माणसे म्हणत होती की तुम्हीच आम्हाला ग्रंथ दिला, तुम्हीच तो वाचण्याचा हक्क दिला. आता आम्ही वाचला आहे, चुकलो असल्यास दाखवा. मानवी हक्कांच्या इतिहासात या कागदाची गणना होते. २०२५ साली त्याला ५०० वर्षे पूर्ण झाली.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना ही कलमे परकी वाटणार नाहीत. अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेली ढोरे ओढणे, वेळीअवेळी गावाची हाक येताच धावणे, ही महार वतनातील वेठ त्यांच्या बापआज्यांनी केली आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या पाण्याला हात लावण्यासाठी त्यांना १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला. पाणी, रान, वेठ हे शब्द मेमिंगनच्या कागदातही आहेत आणि आपल्याही लढ्यात आहेत.

मालक राहिला

ल्यूथरने या कलमांना काय उत्तर दिले? त्याच्याशी अन्याय होऊ नये म्हणून हे प्रथम सांगतो की त्याने आधी सरदारांना आणि बिशपांना बोल लावला आणि शेतकऱ्यांच्या काही मागण्या वाजवी असल्याचे कबूल केले. परंतु तिसऱ्या कलमाशी तो अडला. अब्राहामाच्या घरीही गुलाम होते, असा दाखला त्याने दिला. कैदी किंवा आजारी मनुष्य जसा बंधनात असूनही ख्रिस्ती असू शकतो, तसा गुलामही असू शकतो. ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, ते देहाला लावणे म्हणजे धन्याची मालमत्ता लुटणे होय, असे त्याचे म्हणणे होते.

एप्रिलमध्ये वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांनी एका सरदाराला त्याच्या साथीदारांसह ठार मारले. ते कृत्य निंद्यच होते. परंतु त्या सुमारास ल्यूथरने दुसरे पत्रक लिहिले, त्यात बंडखोर शेतकऱ्यांना पिसाळलेल्या कुत्र्याप्रमाणे ठार करावे, असा उपदेश त्याने राजांना केला. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी कापले गेले. त्यांचा धर्मोपदेशक टॉमस मुंट्झर याचा छळ करून त्याच महिन्यात शिरच्छेद करण्यात आला. या युद्धात मेलेल्यांची संख्या एक लाखापर्यंत असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. प्रशियात भूदासपद रद्द करणारी राजाज्ञा निघण्यास १८०७ साल उजाडावे लागले.

हे का घडले? ल्यूथर भित्रा होता म्हणून नव्हे. सम्राटापुढे जो नमला नाही त्याला भित्रा कोण म्हणेल? कारण त्याच्या सिद्धान्तातच होते. त्याने माणसाचे दोन भाग केले. आतला माणूस ईश्वरापुढे स्वतंत्र. बाहेरचा माणूस राजाचा आणि धन्याचा अंकित. आतल्या माणसाचा मध्यस्थ त्याने दूर केला, बाहेरच्या माणसाचा मालक मात्र जागच्या जागी ठेवला.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. ल्यूथरच्या मते सर्व माणसे समान आहेत, कारण सर्वच सारखी पापी आहेत आणि कोणालाही स्वतःच्या बळावर उठता येत नाही. १५२५ सालीच त्याने इरास्मसला उत्तर देताना, मोक्षाच्या बाबतीत माणसाची इच्छा स्वतंत्र नाही, असे प्रतिपादन केले. जन्माने कोणी पवित्र नाही, ही त्यातील जमेची बाजू खरी. परंतु ज्याला स्वतःला उठता येत नाही असे ठरले, त्याने आपली बेडी आपल्या हाताने तोडावी असे त्याला कसे सांगणार? भगवान बुद्धांनी सांगितलेली समता वेगळ्या पायावर उभी आहे. सर्व माणसे समान आहेत, कारण स्वतःच्या प्रयत्नाने उन्नत होण्याची शक्ती सर्वांत आहे. कृपेची वाट पाहणाऱ्यांची समता आणि प्रयत्न करणाऱ्यांची समता यांत हा भेद आहे.

तीच फाळणी पुढे आपल्या देशातही आली. ल्यूथरच्या पंथाचे मिशनरी १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे उतरले. त्यांनी तमिळ भाषेत छपाई केली, शाळा काढल्या. परंतु त्यांच्या प्रार्थनामंदिरात सवर्ण ख्रिस्ती आणि अस्पृश्य ख्रिस्ती यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या. ईश्वर एक, ग्रंथ एक, बसण्याची जागा मात्र वेगळी. १८३३ साली अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन याला दक्षिणेतील चर्चमधून जातिभेद काढून टाकण्याचे फर्मान काढावे लागले, यावरूनच तो किती रुतला होता हे दिसते.

राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म

सद्‌सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे नाव घेऊन उठलेले हे सुधारक दुसऱ्याच्या स्वातंत्र्याशी कसे वागले? झ्विंगलीच्या झ्यूरिकमध्ये, जाणत्या वयात स्वेच्छेने बाप्तिस्मा घ्यावा असे म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी नदीत बुडवून मारले. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्याच्या मतांसाठी २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिवंत जाळले. १५४३ साली ल्यूथरने ज्यूंविरुद्ध जे पुस्तक लिहिले, त्याचा उपयोग चार शतकांनी नाझींनी करून घेतला. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने तर असे ठरविले की राजा जो पंथ मानील तोच प्रजेचा. ज्याला तो मान्य नसेल त्याने घरदार विकून देश सोडावा. म्हणजे विवेक मोकळा, परंतु त्याची किंमत घरदार.

आपल्या देशात घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचे स्वातंत्र्य दिले आहे. तरीही विवेकाला किंमत लावण्याची रीत येथे संपली असे म्हणता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे ठरविले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या समाजाला मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे आपण आपल्या विवेकाची किंमत मोजली. आपले जे बांधव ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले, ते आजही त्या आदेशाबाहेर आहेत. त्यांची वाट वेगळी असली तरी गावकुसाबाहेरचे त्यांचे घर आपल्या घराशेजारीच होते. आपण आत आलो म्हणून दार लावून घेणे आपणांस शोभणार नाही. ल्यूथरने तेच केले होते.

आपला हिशेब

तर मग ल्यूथरचे कार्य व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. पेरणाऱ्याने कुंपण घातले तरी बीज कुंपणात राहत नाही. जे पंथ स्वेच्छेच्या धर्मासाठी छळले गेले, त्यांच्याच परंपरांतून पुढे धर्मस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते निघाले. अमेरिकेतील एक निग्रो धर्मोपदेशक १९३४ साली जर्मनीला जाऊन आला आणि त्यानंतर त्याने स्वतःचे व आपल्या मुलाचे नाव बदलून मार्टिन ल्यूथर किंग असे ठेवले. त्या मुलाने पुढे आत्मा आणि देह अशी फाळणी मानली नाही. त्याने बसमधील जागेसाठी आणि मतपेटीसाठी लढा दिला. ल्यूथरने शेतकऱ्यांना जे नाकारले, ते त्याचेच नाव धारण करणाऱ्याने आपल्या लोकांसाठी मागितले.

बाबासाहेबांनी ही फाळणी सुरुवातीपासूनच टाळली. त्यांच्या कार्याचा क्रम पाहा. १९२७ साली पाणी, १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक, १९३० साली मंदिराचे दार, १९३५ साली येवल्याची घोषणा आणि १९५६ साली दीक्षा. त्यांनी आधी देहाची बेडी हाती धरली आणि मग मनाची. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते. दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतो. ज्या धम्माची जागाच माणसामाणसांच्या संबंधात आहे, तो मालकाला जागच्या जागी ठेवून आपले काम पुरे झाले असे म्हणू शकत नाही.

परंतु बंधुभगिनींनो, धम्माने फाळणी टाळली म्हणून आपण ती टाळली आहे, असे समजू नका. वंदनेला आपण एका रांगेत बसतो. मुलीचे लग्न ठरविताना मात्र पोटजात विचारतो, हे खरे नाही काय? सभेत समतेवर बोलणारा मनुष्य घरी पत्नीला धनी म्हणून वागवतो, हे आपण पाहिलेले नाही काय? पुरोहित गेला, परंतु आपल्यातच कोणी नवे मध्यस्थ उभे राहिले आहेत आणि धम्माचा अर्थ आम्ही सांगू तोच, असे म्हणू लागले आहेत, असे कोठे दिसत नाही काय? असे असेल तर आपल्यात आणि विटेनबर्गच्या त्या पंडितात फार अंतर उरत नाही.

हे भाषण आता छापून निघत आहे, तेव्हा ते वाचणाऱ्या वाचकांनाही माझे तेच सांगणे आहे. मेमिंगनच्या त्या अडाणी मानल्या गेलेल्या शेतकऱ्यांकडून एक गोष्ट घ्या. त्यांनी आपल्या सुधारकाचा शब्द शेवटपर्यंत खरा मानला आणि तो आपल्या शेतात, रानात आणि विधवेच्या उंबरठ्यावर लावून पाहिला. आपणही बाबासाहेबांचा शब्द आपल्या घराच्या उंबरठ्यावर लावून पाहू या. तेथे तो टिकला, तरच दीक्षा खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे म्हणता येईल.

जय भीम!